प्राण्यांवरील औषधचाचण्या आणि हिंसेचा दोष

नवे औषध किंवा लस माणसाला प्रथमच देण्याआधी ती प्राण्यांना देऊन पाहण्याच्या टप्प्याला प्रीक्लिनिकल, म्हणजे मानवी चाचणीपूर्व, संशोधन म्हणतात. औषध शरीरात कुठे जाते, अपेक्षित काम करते का आणि किती मात्रेला विषारी ठरते, हे या टप्प्यात तपासले जाते. सर्वाधिक वापर उंदरांचा होतो. त्याखालोखाल ससे, गिनीपिग, हॅमस्टर, बीगल जातीचे कुत्रे, डुकरे आणि मोजक्या प्रसंगी माकडे. यातल्या बहुतेक प्राण्यांचा शेवट आधीच ठरलेला असतो. औषधाने जो मरत नाही, त्यालाही यकृत, मूत्रपिंड, मेंदू तपासण्यासाठी मारले जाते. त्यामुळे या संशोधनाने उभा केलेला धार्मिक-तात्त्विक प्रश्न केवळ वेदनेचा नाही. ज्या जीवाने कोणाचे काही बिघडवले नाही, ज्याला संमती विचारता येत नाही आणि ज्याला फळातला वाटा मिळत नाही, त्याचा जीव दुसऱ्याच्या भल्यासाठी घेण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो, हा तो प्रश्न आहे.

चाचणी न करण्याचीही किंमत असते आणि ती माणसांनी मोजलेली आहे. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. विषारीपणाची कोणतीही तपासणी झालेली नव्हती. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषध विकण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखवणे कायद्याने बंधनकारक केले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 मध्ये, छळछावण्यांतील कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून न्यूरेंबर्ग संहिता पुढे आली. तिचे पहिले कलम सांगते की माणसावरील प्रयोगाला त्याची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. तिसरे कलम सांगते की असा प्रयोग प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा. संमतीशिवाय कोणाला साधन बनवू नये, हे तत्त्व जगासमोर मांडणारा दस्तऐवज संमती देऊच न शकणाऱ्या जीवाच्या आधारावर उभा आहे. संहिता लिहिणाऱ्यांचा यात दोष काढता येत नाही, कारण त्यांच्यासमोरचे दुसरे टोक भयानक होते. प्राण्यांवरील प्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा नाझी जर्मनीने 1933 मध्येच केला होता आणि त्याच राजवटीने माणसांना प्रयोगाच्या टेबलावर बांधले. तरीही संहितेतली ही दोन कलमे शेजारी ठेवली की जी अडचण दिसते, ती आजवर सुटलेली नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या जागेत लस तयार केली. ती आधी सशांना टोचली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना देण्यात आली. ससा, संशोधक स्वतः आणि कैदी या क्रमात संमतीचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. हाफकिन यांची संमती निःसंशय होती. कैद्यांनी होकार दिला होता, पण वसाहतीच्या तुरुंगातला होकार कितपत मोकळा असतो हा प्रश्न उरतोच. सशाच्या बाबतीत प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि 1925 मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

त्याच हाफकिन संस्थेने ज्यासाठी नाव कमावले, ते सर्पदंशावरील प्रतिविष या विषयाचे सर्वांत अवघड उदाहरण आहे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. मरणाऱ्यांत बहुसंख्य खेड्यांतले, शेतात राबणारे लोक असतात. कोकणात फुरसे, देशावर घोणस, घरात झोपेत चावणारा मण्यार आणि सगळीकडे नाग, अशी ही चार सापांची विषे. ती अगदी थोड्या, वाढत्या मात्रांनी घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. घोडा जिवंत राहतो. पण तयार झालेले प्रतिविष पुरेसे प्रभावी आहे की नाही, हे कळण्यासाठी उंदीर लागतात. आधी अर्धे उंदीर मरतील अशी विषाची मात्रा शोधली जाते. मग विषाच्या ठरावीक मात्रेत प्रतिविषाचे वेगवेगळे प्रमाण मिसळून ते मिश्रण उंदरांना टोचतात आणि 24 ते 48 तासांत किती जगले ते मोजतात. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे आणि घोणसाचे 0.6 मिलिग्रॅम, तर मण्याराचे आणि फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे, हे भारतीय प्रमाण अशाच मोजणीवर टिकून आहे. मण्याराच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. हे उंदरालाही भोगावे लागते. ही चाचणी उद्या बंद केली, तर निकृष्ट प्रतिविषाची बाटली एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचेल आणि तिचा दोष शेतमजूर बाईच्या मृत्यूनंतरच कळेल. चाचणी चालू ठेवली, तर उंदीर तडफडत राहतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

करोनाच्या साथीतही हेच घडले. कोव्हॅक्सिन माणसांवर मोठ्या प्रमाणात वापरण्यापूर्वी तिची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत 20 ऱ्हीसस माकडांवर झाली. पाच-पाच माकडांचे चार गट केले होते. तीन गटांना लशीची वेगवेगळी रूपे दिली, चौथ्याला लस दिलीच नाही आणि नंतर सगळ्यांना विषाणूचा संसर्ग केला. लस न दिलेल्या गटातील माकडांना न्यूमोनिया झाला, तुलना करता यावी म्हणून. महाराष्ट्राने त्या वर्षांत लस घेतली, रांगा लावल्या, प्रमाणपत्रे जपून ठेवली. त्या माकडांचा उल्लेख मात्र संशोधनपत्रिकेबाहेर फारसा झाला नाही.

या पद्धतीचे यश नाकारणे प्रामाणिकपणाचे नाही. 1921 मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेही केले आणि स्वादुपिंडाच्या अर्काने त्यांची रक्तशर्करा उतरवून दाखवली. जानेवारी 1922 मध्ये तो अर्क, म्हणजे इन्शुलिन, मरणाच्या दारात असलेल्या 14 वर्षांच्या मुलाला मिळाला. प्राण्यांवरील प्रयोगांतून कधी काही हाती लागलेच नाही, असे काही विरोधक म्हणतात. ते खरे नाही आणि विरोधाची नैतिक बाजू अशा विधानाने उलट दुबळी होते. पण अपयशही तितकेच खरे आहे. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. हे औषध गर्भिणी प्राण्यांवर नीट तपासलेले नव्हते. पुढच्या प्रयोगांत दिसले की सशांच्या पिलांत तशी व्यंगे येतात, उंदरांत ती सहसा येत नाहीत. म्हणजे केवळ उंदीर वापरले असते, तर धोका निसटला असता. 2006 मध्ये लंडनमध्ये टीजीएन 1412 हे द्रव्य माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतके सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले, तेव्हा सहाही जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. प्राण्यांच्या टप्प्यातून पार होऊन मानवी चाचण्यांत शिरणाऱ्या औषधांपैकी दहातली जवळजवळ नऊ बाजारापर्यंत पोहोचत नाहीत.

प्रश्नाची गाठ इथेच आहे. प्राणी वापरायचा तो माणसासारखा आहे म्हणून. तो जितका माणसासारखा, तितका निष्कर्ष विश्वासार्ह. पण तो जितका माणसासारखा, तितका त्याला वापरण्याचा अधिकार लंगडा. वैज्ञानिक समर्थन आणि नैतिक समर्थन इथे विरुद्ध दिशांना ओढतात.

युरोपीय तत्त्वज्ञानाने यावर बरेच लिहिले आहे. देकार्तच्या अनुयायांनी प्राण्याला यंत्र मानले. ते मत आज कोणी गंभीरपणे धरत नाही, कारण भूल आणि वेदनाशामके प्राण्यांवर तपासली जातात ती त्यांना वेदना होते म्हणूनच. कांटने प्राण्यांशी क्रूरपणा वाईट मानला, पण तो माणसाचा स्वभाव बिघडवतो म्हणून. बेंथमने 1789 मध्ये कसोटी बदलली. प्राणी विचार करतो का, यापेक्षा तो दुःख भोगतो का, हे त्याने महत्त्वाचे मानले. त्याच धाग्यावर पीटर सिंगर यांनी 1975 मध्ये विचारले की तितक्याच आकलनक्षमतेच्या माणसावर जो प्रयोग करणार नाही, तो प्राण्यावर कसा करतोस? पण सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला एखाद्या प्रयोगात लाभ प्रचंड असेल तर होकार द्यावाच लागतो. म्हणून टॉम रीगन यांनी 1983 मध्ये हा हिशेबच नाकारला आणि प्रत्येक प्राण्याला स्वतःच्या आयुष्याचा धनी मानले. रीगन यांचे उत्तर स्वच्छ आहे, पण घोणस चावलेल्या माणसाला ते काहीच देत नाही.

भारतीय परंपरेत हा वाद यज्ञातील पशुवधाच्या निमित्ताने शतकानुशतके झाला आणि त्यातले युक्तिवाद प्रयोगशाळेला आश्चर्यकारकपणे लागू पडतात. मीमांसकांची भूमिका अशी की हिंसा करू नये हा सामान्य नियम आहे, यज्ञात पशू अर्पावा हा विशेष नियम आहे आणि विशेष नियम सामान्याला बाजूला सारतो. म्हणून विधीने सांगितलेल्या वधाला दोष लागत नाही. आजच्या प्रयोगशाळेतली मनोवृत्ती बरीचशी हीच आहे. समितीची मंजुरी आहे, कायदा मागतो, नियमावली पाळली, मग प्रश्न उरला कुठे? रामानुजाचार्य वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतात. यज्ञातला पशू स्वर्गाला जातो, म्हणून त्याला होणारी पीडा वैद्याने रुग्णाच्या हितासाठी दिलेल्या पीडेसारखी आहे, असे ते म्हणतात. वैद्यकाचाच दाखला त्यांनी दिला हे लक्षणीय आहे, कारण वैद्यकीय प्रयोगात नेमकी हीच सबब चालत नाही. उंदराला स्वर्ग मिळत नाही आणि औषधही मिळत नाही. पशुवैद्यकाच्या प्रयोगांतून प्राण्यांच्या जातीचे भले होते हे खरे, पण पिंजऱ्यातल्या त्या एका प्राण्याचे होत नाही.

सांख्यांचे उत्तर सर्वांत धीट आहे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या दुसऱ्याच कारिकेत वैदिक कर्माला अशुद्ध म्हटले. वाचस्पती मिश्रांनी त्यावरील टीकेत कारण उलगडले. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो तो दोघांत विरोध असेल तेव्हाच. इथे विरोध नाही. एक वचन सांगते की वध यज्ञाला उपकारक आहे. दुसरे सांगते की वध करणाऱ्याला तो अनर्थकारक आहे. एकच कृती यज्ञाला उपकारक आणि कर्त्याला सदोष, अशी एकाच वेळी असू शकते. म्हणून फळ मिळेल आणि दोषही लागेल. त्या दोषाला प्रायश्चित्त आहे, पण ते केले नाही तर फळाबरोबर दोषही भोगावा लागतो.

प्राण्यांवरील चाचण्यांविषयी याहून सरळ भूमिका शोधून सापडणे कठीण आहे. उपयोग आणि दोष हे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत टाकून एकाने दुसरा उडवायचा नसतो. ते वेगवेगळ्या वह्यांत लिहायचे असतात. इन्शुलिनने लाखो माणसे जगली म्हणून टोरंटोतल्या कुत्र्यांवरचा अन्याय अन्याय नव्हता, असे होत नाही. आणि तो अन्याय होता म्हणून इन्शुलिन निरुपयोगी ठरत नाही. मंजुरीने कृती कायदेशीर होते, निर्दोष होत नाही. दोष मान्य केला तरच प्रायश्चित्ताचा, म्हणजे भरपाई, घट आणि पर्याय यांचा, प्रश्न निघतो. मीमांसकाच्या भूमिकेत तो निघतच नाही.

जैन विचाराने या दोषाची व्याप्ती दाखवली. श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. घरसंसारात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, स्वसंरक्षणात होणारी विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, चौथी त्याने टाळलीच पाहिजे. वैद्यकीय संशोधन हा धंदा आहे, तेव्हा ती उद्योगी हिंसा, असे म्हणता येईल का? ते पटत नाही. नांगराखाली गांडूळ मरते ते शेतकऱ्याला नको असताना. प्रयोगातला प्राणी निवडून, वजन करून, क्रमांक देऊन मारला जातो. हेतू रोग हटवण्याचा असला, तरी मारण्याचा संकल्प त्याच्याच पोटात आहे. शिवाय केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली अशी तिन्ही प्रकारची हिंसा जैन शास्त्र कर्त्याच्या खात्यावर लावते. तसे पाहता संशोधक एकटा जबाबदार उरत नाही. गोळी गिळणारा रुग्ण, लस मागणारा पालक, पुरावा मागणारे औषध नियंत्रक हे सगळे त्यात येतात. बौद्ध विनयाने भिक्षूला मांसाच्या बाबतीत एक पायवाट ठेवली होती. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा संशय आला नसेल तर ते चालते. जुन्या प्रयोगांतून आलेल्या ज्ञानाला ही सवलत कदाचित लागू होईल. उद्याच्या औषधाला ती लागू होत नाही, कारण उद्याचा उंदीर उद्याच्या रुग्णासाठीच मारला जाणार आहे.

महात्मा गांधींनी 1909 च्या ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर टीका करताना जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा तीव्र निषेध केला. 1924 मध्ये त्यांच्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि ती त्यांनी स्वीकारली. यात ढोंग नाही. आधुनिक वैद्यकाचे ज्ञान इतके एकमेकांत विणलेले आहे की त्यातला निर्दोष धागा वेगळा काढून घेणे कोणालाच जमत नाही, एवढेच यातून दिसते. 1928 मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य आजाराने तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शनने मरण देवविले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वासराच्याच हितासाठी ते केले, म्हणून ती हिंसा नाही, असे गांधींचे म्हणणे होते. प्रयोगशाळेतही असह्य वेदना होणाऱ्या प्राण्याला वेळीच मारण्याचा नियम असतो आणि तो आवश्यक आहे. पण त्याला दया म्हणताना जपून म्हणावे लागते. वासराचा आजार गांधींनी निर्माण केला नव्हता, उंदराची गाठ माणसाने वाढवलेली असते.

सगळे जगच हिंसेवर चालते, मग प्रयोगशाळेचे एवढे काय, असे म्हणणारे महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाचा आधार घेतात. मिथिलेचा हा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगरही असंख्य जीव मारतो आणि पूर्ण अहिंसक असा कोणीच नाही. पण त्याचे बोलणे तिथे थांबत नाही. प्रयत्न करणाऱ्याच्या हातून हिंसा कमी होते, हेही तो सांगतो. पहिला भाग घेऊन दुसरा सोडणे म्हणजे त्या व्याधावर अन्याय आहे.

कमी करण्याचे हे शास्त्र आधुनिक काळात विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 मध्ये मांडले. शक्य तिथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, वापरावाच लागला तर संख्या घटवावी आणि वेदना कमी करावी, अशी त्यांची तीन सूत्रे आहेत. यातली पहिली दोन भारतीय भूमीला नवी नाहीत. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातला वध दोन मोर आणि एक हरिण इतका खाली आणल्याची आणि पुढे तोही थांबवण्याची नोंद आहे. मध्वाचार्यांच्या परंपरेत यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू अर्पिण्याचा प्रघात पडला. यज्ञ राहिला, पशू वाचला.

भारतीय कायदाही याच दिशेने गेला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. तो प्रयोगांना मुभा देतो, पण मोठ्या प्राण्याऐवजी लहान चालत असेल तर लहान वापरावा, भूल द्यावी, केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नये, असेही सांगतो. पोलिओ लसीसाठी भारतातून एके काळी वर्षाला लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडे परदेशी जात. ती केवळ वैद्यकीय कामासाठी वापरायची, असा करार होता. लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ती वापरल्याचे उघड झाल्यावर 1978 मध्ये निर्यात थांबली. जीव वाचवणे आणि शस्त्र तपासणे यांतला फरक त्या निर्णयाने ओळखला. 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यात रसायन घालण्याला सांख्याच्या दृष्टीने फळाची वहीच नव्हती, केवळ दोषाची होती. भारतात रसेल-बर्च यांच्या तीन सूत्रांना चौथे जोडले गेले आहे ते पुनर्वसनाचे. प्रयोगातून जिवंत राहिलेल्या मोठ्या प्राण्यांची पुढची जबाबदारी संस्थेने घ्यायची. 1834 मध्ये मुंबईत पांजरपोळ उभारणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी नाही आणि प्रायश्चित्ताच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आजच्या नियमांत हीच आहे.

मार्च 2023 मध्ये नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशी, चिपवर वाढवलेले अवयव आणि संगणकीय प्रतिमाने यांचा पुरावा प्राण्यांच्या जागी मान्य होऊ लागला. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये तसाच बदल केला होता. ही दुरुस्ती परवानगी देते, सक्ती करत नाही. पर्याय उपलब्ध झाल्यानंतरही जुन्या सवयीने प्राणी वापरणाऱ्याला वाचस्पतींच्या युक्तिवादाचाही आधार मिळत नाही, कारण तिथे वध कशालाच उपकारक राहत नाही. म्हणून संस्थांच्या प्राणी नीतिसमित्यांनी प्रत्येक अर्जावर पहिला प्रश्न पर्यायाचा विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. फसलेले प्रयोगही प्रसिद्ध करावेत, म्हणजे तेच प्राणी तेच सिद्ध करण्यासाठी पुन्हा मारले जाणार नाहीत. प्रतिविषाच्या चाचणीत उंदराची जागा घेणारी पद्धत शोधण्यासाठी सरकारने पैसा द्यावा. ती पद्धत तयार होईपर्यंत उंदीर लागेल आणि त्याचा दोष प्रतिविष बनवणाऱ्यांवर, वापरणाऱ्यांवर आणि त्याने वाचणाऱ्यांवर राहील.